ताडावरचा फोन

नविनच्या मुलाचं, दीपकचं, लग्न कोणत्या घरात लावायचं यावरून लहान्या आणि नविन या सख्ख्या भावांनी दिवाळीपासून एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांना पुन्हा एका अंगणात आणलं ते पंचांनी नाही, भगतानं नाही. आणलं ते लहान्याच्या मुलीच्या, शितलच्या मोबाइलनं. त्यामुळे लग्नाच्या दिवशी उजाडल्या उजाडल्या जो तो तोंड धुवायच्या आधी ताडाकडे एक नजर टाकून येत होता. फोन ताडावर होता.

सायवनच्या त्या पाड्यावर रेंज मिळायची ती विहिरीजवळच्या त्या एका ताडापाशी. शितलनं ताडाला खुंटी ठोकून एक सुका दुधीभोपळा टांगला होता, पूर्वी आजोबा ताडी काढायला न्यायचे तो, आणि त्याच्या पोटात फोन ठेवला होता. भोपळ्यात आवाज घुमायचा. फुंकून वाजवायच्या तारप्याला भोपळा लागतो तो उगाच नाही, असं लहान्या कौतुकानं सांगायचा. फोनचा भोंगा वाजला की तो पार ओढ्यापलीकडच्या झोपड्यांपर्यंत ऐकू जायचा.

नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, पण पायाखालून. मग मांडणीवरची भांडी वाजायची, कुत्री रडायची, आणि संपलं म्हणेपर्यंत छातीतली धडधडच जमिनीची वाटत राहायची. कधी दिवसातून एकदा, कधी पाचदा. डहाणू-तलासरीकडच्या गावोगावी घरांपुढे ताडपत्र्या ताणल्या गेल्या, शाळा झाडाखाली भरायला लागल्या. साहेबलोक आले, यंत्रं ठेवून गेले, घाबरू नका म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी पोचले. आता घाबरू नका म्हणजे काय करा? वाघाचं भय असलं तर वाघ निघून जातो, पुराचं असलं तर पूर ओसरतो. इथं पाय टेकायचा त्याच जागेचं भय.

त्यात मोबाइलवर एकेक येत होतं. उद्या तीन वाजता सगळ्यात मोठा. समुद्र डहाणू स्टेशनात शिरणार. काही गुजरातीत, काही हिंदीत. नविन सीमेपलीकडच्या कंपनीत कामाला, तो रोज एक नवी खबर खिशात घालून घरी यायचा. बारावी होऊन घरी बसलेल्या शितलला हे सोसेना. ती तलासरीला गेली आणि भूकंपाचं अ‍ॅप टाकून आली. जवळपास भूकंप असला की भोंगा वाजवणारं.

पहिल्याच दिवशी भोंगा वाजला, शितल ओरडली, घरंच्या घरं बाहेर आली आणि पाव तासात जमीन हलली. मग काय विचारता! फोन आधी सांगतो, हे त्या दिवशी ठरून गेलं. पुढं भोंगा वाजून काही झालं नाही की लोक म्हणायचे, टळलं. भोंगा न वाजता हललं की म्हणायचे, नेट नसेल. एकदा विश्वास ठेवायचा म्हटलं की माणूस त्याला दोन्ही बाजूंनी टेकू देतो.

आणि शितलला ते आवडत होतं, हे कशाला लपवा? ज्या घरात पोरीला कुणी पाणी दे यापलीकडे काही म्हणत नव्हतं, त्या घरात आता म्हातारी माणसंसुद्धा आत पाऊल टाकण्याआधी विचारायची, "शितल, फोन काय म्हणतो?" गप्प आहे, असं ती म्हणाली की माणसं आत जायची.

त्याच जोरावर तिनं बाप आणि काका यांच्यात तोड काढली होती. लहान्या म्हणत होता, आपल्या घराण्यातली सगळी लग्नं कुडाच्या घरात लागली, देवीचा चौक शेणामातीच्या भिंतीवरच लिहिला गेला, हेही तिथंच होईल. नविन म्हणत होता, मी विटांच्या भिंती आणि वर स्लॅब काय शेळ्या बांधायला घातला? माझ्या मुलाचं लग्न माझ्या घरात. लहान्या म्हणाला, वर स्लॅब आणि खाली हलती जमीन, मी माझ्या आईला तिथं बसवणार नाही. यावर शितल म्हणाली होती, "फोन गप्प असेल तोवर काकाच्या घरात. भोंगा वाजला की बाहेर." दोघांनाही हरल्यासारखं न वाटता मानता येईल अशी ही एकच गोष्ट होती. दोघांनी मानली.

*

सकाळी पक्क्या घरात चौक लिहायला बायका बसल्या. सिमेंटच्या भिंतीवर शेण सारवून, गेरू देऊन ती लाल केली होती. सवाष्णी बांबूच्या काडीनं तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग ओढत होत्या. मध्ये पालघट देवी, भोवती चौकट, चौकटीत नागमोडी नक्षी. लग्न लावणारी धवलेरी सोनीबाई खाली बसून लक्ष ठेवत होती आणि अधूनमधून भिंतीवर नख ओढून बघत होती.

"सिमिटावर शेण धरत नाय रे नविन," ती म्हणाली. "सुकला का पोपडा सुटल."

"मावशे, तू गाणी म्हण. भिंत माझ्यावर सोड," नविन हसून म्हणाला. नवा सदरा घालून तो दारात असा उभा होता, जणू घरच त्यानं अंगात घातलं होतं.

आजी, म्हणजे काळी, भिंतीशी पाय पसरून बसली होती. तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. बसली की उजवा तळहात जमिनीवर टेकवून ठेवायची तिला अलीकडे सवय लागली होती. शितल पिठाची वाटी घेऊन आली, ती खाली ठेवली, आणि वाटीतल्या पांढऱ्यावर एकाआत एक बारीक वर्तुळं उठली. खिडकीचा गज किंचित वाजला. सवाष्णींचे हात भिंतीवरच थांबले.

"हलली," काळी म्हणाली.

सगळ्यांनी शितलकडे पाहिलं. "शितल, फोन काय म्हणतो?"

तिनं दारातून ताडाकडे कान दिला. "गप्प आहे."

"मग हललीच नाय," नविन म्हणाला आणि बायका पुन्हा काड्या बुडवायला लागल्या. काळीनं मात्र हात उचलला नाही.

थोड्या वेळानं उधव्याहून नवरीचा टेम्पो आला. दक्षा, तिचे आईबाप, मामे, आत्या, वाजंत्री आणि भाऊ मुकेश. पाणी झालं, पाय धुणं झालं, सोयरे पक्क्या घरात जाऊन स्लॅबकडे माना वर करून पाहू लागले. तेवढ्यात भोपळ्यातला भोंगा असा काही केकाटला की वाजंत्र्याच्या हातून सनई पडली. "आला! बाहेर निघा!" उधव्याच्या माणसांना काही कळायच्या आत सायवनच्यांनी त्यांना दारातून ढकलून अंगणात आणलं. सगळे एकमेकांना धरून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोंबड्यासुद्धा निवांत दाणे टिपत होत्या.

"टळलं," लहान्या म्हणाला.

"टळलं," नविन म्हणाला आणि सोयऱ्यांकडे वळून अभिमानानं सांगू लागला, "आमच्या पाड्याला आधी कळतं. माझी पुतणी बघते ते."

मुकेश तलासरीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. बहिणीच्या सासरी आपणही काही कामाचे आहोत हे दाखवायची त्याला हौस. ताडाजवळ जाऊन त्यानं फोन भोपळ्यातून काढून घेतला आणि चार ठिकाणी बोट फिरवलं.

"ताई, याची वेळ तर परदेशातली आहे. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. बदलून देतो."

"मला वाटायचं, ते आकडे असेच असतात काहीतरी," शितल म्हणाली.

"हे बघा. झालं." त्यानं फोन तिच्या हातात दिला.

पडद्यावर लिहिलं होतं, नऊ वाजून बारा मिनिटं, तीव्रता दोन पूर्णांक आठ. भोंगा वाजला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. शितलला आधी वाटलं, मुकेशनं काहीतरी चुकवलं.

"ही वेळ कसली?"

"भूकंप झाला त्याची."

"होणार त्याची नाही?"

मुकेश हसला. "होणार ते कोण सांगेल ताई? इथं हललं की तिकडं यंत्रावर उमटतं, ते लोक बघतात, तपासतात, मग आपल्याला येतं. त्यात तुमचं नेट हे असं, ताडावर चढून बसलेलं."

तो सोयऱ्यांत निघून गेला. शितल ताडाला टेकून यादी खाली खाली सरकवत राहिली. नऊ बाराला पिठाच्या वाटीत वर्तुळं उठली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सव्वाचार, त्या वेळी लोणच्याची बरणी फुटली होती. भोंगा झाला पावणेपाचला. मागचा सोमवार, अकरा वाजता, अंगणवाडीची पोरं रडत पळत आली होती, भोंगा साडेअकराला. आणि पहिला दिवस? पहिल्या दिवशी भोंगा वाजला तो पहाटेच्या एका बारीक धक्क्याचा, जो कुणाला कळलाच नव्हता. नंतर हललं ते वेगळंच. त्याचाही भोंगा झाला असणार, पण तोवर सगळे तिला खांद्यावर घ्यायचेच तेवढे बाकी होते. ऐकलं कुणी?

भूकंपाची भीती तीन महिने होतीच, पण ही भीती निराळी होती. फोन गप्प आहे, जा आत, असं ती किती वेळा म्हणाली होती! रखमीकाकीला त्या स्लॅबखाली भाकऱ्या भाजायला तिनं पाठवलं होतं. तापानं फणफणलेल्या पोरांना, थंडी लागते म्हणून, तंबूतून उचलून आत निजवायला तिनं सांगितलं होतं. हो, फोन गप्प आहे. काही झालं नाही ते केवळ नशीब. आणि आज त्या एका दाराच्या, गजांच्या खिडक्यांच्या घरात दोन्हीकडची माणसं बसणार होती, तिच्या शब्दावर.

*

लहान्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होता. शितल त्याच्याजवळ गेली.

"बा, फोन आधी नाही सांगत. झाल्यावर सांगतो."

लहान्याचे हात थांबले. तिनं सगळं सांगितलं, वेळा दाखवल्या. त्याला आकडे वाचता येत होते, पण तो फोनकडे बघतच नव्हता. तो नविनकडे बघत होता. नविन सोयऱ्यांना घराचा पाया किती खोल आहे ते हातांनी दाखवत होता.

"आज नको बोलू," तो हळूच म्हणाला.

"बा, आजी आत आहे."

"सकाळी त्यानं मना दादा म्हणून हाक मारली. दिवाळीपासून पयली हाक. आज नको, पोरी. फेरा झाला का संपलं. तेवढ्यात काय होतं?"

"तेवढ्यातच होतं, बा. चार श्वासांत होतं."

लहान्यानं तोरणाची गाठ मारली. मग ती सरळ काकाकडे गेली. सोयऱ्यांसमोर नको म्हणून बाजूला बोलावलं, पण नविनचा आवाज बाजूला राहणारा नव्हता.

"कोण म्हणतो? तो मुकेश? तो काचा बसवतो मोबाइलच्या, त्याला भूकंपातलं काय कळतं!" आणि मग त्याचे डोळे बारीक झाले. "हां. तुना बापानं शिकवलं. चौक लिहून झाला, सोयरे आले, आथा पोरीला पुढं करून लग्न कुडात न्यायचं. बरोबर ना, दादा?"

लहान्याचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा पडला. शितलला वाटलं, आता बाप बोलेल, आता सगळं उलगडेल. पण खोटं ठरण्याच्या भयापुढं मरणाचं भय लहान, अशी काही माणसं असतात आणि लहान्या त्यांतला पहिला.

"मी काय शिकवलं नाय," तो म्हणाला. "घे. मीच पयला जातो." त्यानं चपला काढल्या आणि पक्क्या घरात शिरून थेट भिंतीशी, आपल्या आईजवळ जाऊन बसला.

मग कोण मागं राहतं? नविन हसत आत गेला, दीपक गेला, दक्षाला धरून उधव्याच्या बायका गेल्या, शितलची आई संगीता हळदीचं ताट घेऊन गेली. जाता जाता तिनं लेकीला दटावलं, "गप राहा. तोंड घालू नको." सोनीबाईनं लग्न लागेपर्यंत चौक झाकून ठेवणारा फडका सारखा केला आणि गाणं उचललं. शितल दारात उभी होती. आत तीस-पस्तीस माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. मागची माणसं तिला दिसतसुद्धा नव्हती. वर स्लॅब.

ती धावत ताडाकडे गेली. अ‍ॅपमध्ये आवाज ऐकून बघायची एक खूण होती, सुरुवातीला तिनं हौसेनं ती दहादा दाबली होती. तिनं अंगठा दाबला आणि फोन भोपळ्यात सोडला.

भोंगा झाला. आत एक किंकाळी उठली आणि दारात माणसं अडकली. शितल हे पहिल्यांदाच बाहेरून बघत होती. दोन बायका एकदम दारात शिरून रुतल्या, मागून ढकलणारे त्यांच्यावर रेलले, कुणाचं तरी लुगडं कडीत अडकलं, सोनीबाई खाली बसली ती उठेना. दीपक दक्षाला पुढं काढायला बघत होता आणि त्याला स्वतःलाच हलता येत नव्हतं. शितलच्या मनात आलं, इतका वेळ जमीन थांबत नाही. सगळ्यांत शेवटी लहान्या बाहेर आला, पाठीवर काळीला घेऊन, घामानं निथळत.

माणसं अंगणात उभी राहिली आणि जमीन हलायची वाट बघू लागली. ती हलली नाही. ऊन चढत गेलं.

"टळलं," नविन म्हणाला. "चला आत."

"टळलं नाही," शितल म्हणाली. "काही येणारच नव्हतं. मी वाजवला भोंगा."

एक क्षण कुणालाच काही समजलं नाही. मग तिनं सगळं सांगून टाकलं, मोठ्यानं, सोयऱ्यांसमोर. वेळा, वाटीतली वर्तुळं, बरणी, पहिला दिवस. "तीन महिने मी तुम्हाला आत पाठवत होते. मला माहीत नव्हतं. पण मी पाठवत होते."

नविननं हात उगारला. लहान्या मध्ये आला आणि दोघं भाऊ छातीला छाती लावून उभे राहिले. तिकडे उधव्याची माणसं कुजबुजायला लागली होती. दक्षाचा मामा म्हणाला, "ह्या घरात पोर सोयऱ्यांना खोट्या भोंग्यानं पळवते. अशा घरात लेक द्यायची? चला, टेम्पो काढा." दक्षाचा बाप मान खाली घालून उभा होता. चौक लिहून झाला, हळद लागली, आणि नवरी परत निघाली तर ती कुणाच्या दारी जाणार? शितलला वाटलं, त्यापेक्षा जमीन हलली असती तर बरं होतं. लगेच त्या विचाराचंच तिला भय वाटलं.

तेव्हा रखमीकाकी बोलली. रखमी म्हणजे नविनची बायको, नवऱ्यामुलाची आई, पक्क्या घराची मालकीण. तिचा शब्द सहसा चुलीपलीकडे जात नसे.

"भोंगा खोटा असंल," ती म्हणाली. "मी पळाले ती खरी. माझी कांकणं फुटली ती खरी." तिनं हात पुढं केला, मनगटावर रक्त होतं. "नोव्हेंबरपासून मी त्या घरात भाकर भाजते ती एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. धन्यानं हौसेनं बांधलं, म्हणून बोलले नाय. फोन गप म्हणायचा, म्हणून जायचे. आथा फोनच नाय. मग मी नाय जायची. आणि माझी सूनपण नाय जायची."

"रखमे, सोयरे ऐकतात," नविन म्हणाला.

"ऐकू दे! तुम्ही तरी झोपता का त्या घरात? सांगू सगळ्यांना, रात्रपाळी कशाला मागून घेतली ती?"

नविनचा उगारलेला हात कधीच खाली आला होता. तो आपल्याच घराच्या पायरीवर बसला. नवा सदरा एकदम त्याच्या अंगावर मोठा दिसायला लागला. तो म्हणाला, "लोक म्हणतील, पक्क्या घराचा मालक आणि तंबूत झोपतो. म्हणून रात्रपाळी." आणि मग, लहान्याकडे न बघता, "भ्या वाटतो, दादा."

लहान्याला बरंच काही बोलता आलं असतं. मी सांगत होतो ना, हे तर तोंडावरच होतं. तो नुसता नविनच्या शेजारी पायरीवर बसला. पण फार वेळ नाही. दोघांनीही एकदम वर स्लॅबकडे पाहिलं आणि उठून अंगणात आले. त्यावर दक्षाच्या बापाला हसू आलं आणि टेम्पोकडे निघालेला मामा थांबला.

"चौकाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"चौक काय उचलून न्यायचा नसतो. पुन्ना लिहायचा," सोनीबाई गुडघे चोळत म्हणाली. "तांदूळ भिजवा. देवी कुडाला जुनी वळखते."

*

दिवस कलला तरी कुडाच्या घरात काड्या चालूच होत्या. शितल सवाष्ण नव्हती, तिला भिंतीला हात लावता येत नव्हता. ती तांदूळ वाटत होती. तिच्याशी कुणी फार बोलत नव्हतं. रागानं नाही. सकाळपर्यंत भ्यायला एक वेळ होती आणि निर्धास्त व्हायला एक वेळ होती, दोन्ही तिनं काढून घेतल्या होत्या. आता प्रत्येक जण बसल्या जागी दाराकडे बघत होता, वाटी वाजली तरी दचकत होता. संगीतानं येऊन लेकीच्या पाट्यावर मूठभर तांदूळ टाकले आणि तशीच निघून गेली.

लग्न लागायची वेळ झाली. फडका निघाला, नवरानवरी चौकासमोर उभी राहिली, सोनीबाईनं गाणं वर चढवलं, आणि जमिनीखालून आवाज आला.

तो आजवरच्या आवाजांसारखा नव्हता. हा लांबला. पायाखालची भुई एकदा वर उचलली गेली आणि आडवी सरकली. कुडातल्या कारवीच्या काठ्या कराकरा वाजल्या, भिंत झोळीसारखी हलली, छपरातल्या गवतातून तीन पावसाळ्यांची धूळ माणसांच्या डोक्यांवर पडली. दिवा विझला. पळायला कुणाला सुधरलंच नाही, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, कुणी देवाला, कुणी आईला हाका मारत होतं. शितलनं पाटा दोन्ही हातांनी धरला होता, जणू तो उडून जाणार होता. एक, दोन, तीन, चार. पाचव्या श्वासाला थांबलं.

भिंत उभी होती. ओल्या चौकातला पांढरा दोन-चार ठिकाणी ओघळला होता, बाकी देवी जागच्या जागी. अंधारात सोनीबाईचा आवाज आला, कापरा, पण जिथं तुटला होता नेमका त्याच शब्दावरून. तिनं गाणं पुरं केलं. त्याशिवाय लग्न लागत नाही.

सगळे बाहेर आले तेव्हा ऊन ताडाच्या शेंड्यावर राहिलं होतं. नविन पक्क्या घराच्या दारापर्यंत गेला, आत गेला नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती आणि सकाळच्या चौकाच्या मधोमध जाऊन वर स्लॅबला भिडली होती. भिंतीजवळ, जिथं आजी बसली होती तिथं, सिमेंटचे हातभर पोपडे पडले होते. घर पडलं नव्हतं. आत माणसं असती तर कुणी मेलं असतं का? दारात चेंगरून मेलं असतं, की कुणीच नसतं मेलं? कोण सांगणार! नविन नुसता बघत राहिला. लहान्या त्याच्या मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं भावाचा सदरा मागून धरून ठेवला, लहानपणी विहिरीच्या काठावर धरायचा तसा.

कुणी जेवायचं नाव काढत नव्हतं. माणसं उघड्यावर दाटीवाटीनं उभी होती. बऱ्याच वेळानं, वीस मिनिटं झाली असतील की पंचवीस, भोपळ्यातला फोन केकाटला.

सगळ्या माना ताडाकडे वळल्या. सवयीनं कुणाकुणाची पावलं उचललीही. पण पळायचं कुठं, आणि कशापासून? भोंगा वाजत राहिला आणि कुणी जागचं हललं नाही. शेवटी तो आपोआप थांबला.

"शितल," लहान्यानं विचारलं, तोंडातून गेलंच त्याच्या, "फोन काय म्हणतो?"

"झालं ते सांगतो, बा," ती म्हणाली. "तेवढंच येतं त्याला."

काळीला कुणीतरी अंगणात गोधडी टाकून बसवलं होतं. तिनं हात गोधडीवरून खाली सरकवला आणि तळवा जमिनीला लावला. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली. नवी सून दक्षा, हळदीच्या अंगानं, बाशिंग न काढता तिच्याजवळ जाऊन बसली. आजीकडे थोडा वेळ बघून तिनंही आपला तळहात हळूच जमिनीवर ठेवला.